बॅटल फॉर वेस्नॉथ: दान पडत नाही म्हणून वैतागलेल्यांचे (आणि इतरांचेही) नेहमीचे प्रश्न

भेटेल त्याच्या गळ्यात हा गेम मारायची मला जुनी खोड आहे. पहिल्या दिवशी ‘फुकट कसा काय?’ असं विचारणारा माणूस तिसऱ्या दिवशी ‘हा गेम चोर आहे’ असा मेसेज पाठवतो, आणि महिन्याभरानं ‘आठव्या लढाईत अडकलोय, काय करू?’ म्हणून फोन करतो. माणसं बदलतात, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. युनिट्सचे (म्हणजे पटावरच्या सोंगट्यांचे) आकडे आवृत्तीगणिक थोडेफार इकडेतिकडे होतात, नियम मात्र वर्षानुवर्षं तेच आहेत.

१. हा नेमका कसला गेम आहे?

षटकोनी घरांचा पट, आधी तुमची चाल, मग समोरच्याची. पटावर माणसं, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क, सांगाडे, आग ओकणारे ड्रेक. शहरं बांधायची नाहीत, संशोधन करायचं नाही, खाणी खणायच्या नाहीत. गढीत उभ्या असलेल्या सरदारानं सोनं मोजून भरती करायची, गावं ताब्यात घ्यायची, आणि शत्रूच्या सरदाराला गाठायचं. पट बुद्धिबळाचा, पण सोंगटी मारायची तर फासे टाकावे लागतात. भांडणं सगळी या फाशांवरून होतात; त्याबद्दल प्रश्न ८.

२. खरंच फुकट आहे? मेख कुठे आहे?

मेख नाही. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला हा मुक्त गेम आहे, जीपीएल परवान्याखाली (म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा). सेगाच्या जुन्या कन्सोलवरचे ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर्स’ आणि ‘वॉरसाँग’ हे त्याचे पूर्वज. १.० आवृत्ती २००५ मध्ये आली, २०१८ मध्ये १.१४ आवृत्तीबरोबर तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पोचला, तिथंही फुकटच. जगभरचे हौशी लोक चित्रं काढतात, मोहिमा (एका गोष्टीत गुंफलेल्या लढायांची मालिका) लिहितात, संगीत देतात. जाहिरात नाही, हिरे विकत घेऊन पुढे जाणं नाही.

आवृत्ती निवडताना एवढंच बघा की दुसरा आकडा सम असला तर ती स्थिर आवृत्ती (१.१४, १.१६, १.१८), विषम असला तर प्रयोगशाळा. नवख्यांनी प्रयोगशाळेत शिरू नये.

३. माझा लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. चालेल?

चालेल. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. मोहिमा खेळायला इंटरनेटही लागत नाही, एकदा उतरवला की गावी रेंज नसतानाही खेळा.

४. इंग्रजी जेमतेम आहे. अडचण येईल?

गोष्टीत येईल, खेळात नाही. मोहिमांमधले संवाद जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहेत. राजे-सरदार आपल्या ऐतिहासिक नाटकातल्यासारखे बोलतात. ते डोक्यावरून गेलं तरी बिघडत नाही, कारण लढाईचं उद्दिष्ट एक-दोन ओळींत वेगळं दिलेलं असतं: अमक्या सरदाराला मारा, इतक्या टर्न टिका, इथपर्यंत पोचा. हरायच्या अटी मात्र वाचाच. ‘हेअर टू द थ्रोन’ या मोहिमेत तुमचा नायक कॉनरॅड मेला की डाव संपतो हे कळतं, पण म्हातारा जादूगार डेल्फाडोर मेला तरीही संपतो. त्याला बिनधास्त पुढे धाडून हरलेले दोघंतिघं मला माहीत आहेत.

५. सुरुवात कुठून करू?

शिकवणीतून. त्यानंतर ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ ही छोटी मोहीम, मग ‘द साउथ गार्ड’. दुसरीतला देओरान हा तरुण सरदारसुद्धा तुमच्याइतकाच नवखा आहे, त्यामुळे समजावून सांगणं गोष्टीतच मुरलेलं आहे.

‘हेअर टू द थ्रोन’ सगळ्यात प्रसिद्ध, म्हणून लोक थेट तिच्यावर उडी मारतात. वीसहून जास्त लढायांची ती मोहीम आहे. पहिली म्हणून घेऊ नका. का, ते प्रश्न १३ मध्ये सापडेल.

६. जंगलात उभं राहिलं की मार कमी बसतो ना?

नाही. हा सगळ्यात जास्त जणांचा होणारा गैरसमज आहे. जमिनीमुळे वार *लागण्याची शक्यता* कमी होते. लागला तर पुरता लागतो.

साध्या पायदळाचा बचाव मैदानात ४० टक्के, जंगलात किंवा टेकडीवर ५०, गावात आणि किल्ल्यात ६०, आणि उथळ पाण्यात फक्त २०. म्हणजे नदीत उभ्या असलेल्या माणसावर पाचांतले चार वार लागतात. प्रत्येक जातीचा तक्ता वेगळा: ड्वार्फ डोंगरात ७० टक्क्यांनी सुटतो आणि मैदानात ३० वर येतो, एल्फला जंगल म्हणजे माहेर.

मार खरोखर कमी करणारी गोष्ट वेगळी, तिला रेझिस्टन्स म्हणतात, आणि ती हत्याराच्या प्रकारावर ठरते. सांगाड्यावर तलवारीचा वार ४० टक्के कमी बसतो, बाण-भाला ६० टक्के कमी, पण गदा आणि आग २० टक्के जास्त. म्हणूनच ‘हेअर टू द थ्रोन’मधल्या ‘आयल ऑफ द डॅम्ड’ या बेटावर नुसते एल्फ घेऊन उतरणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. बाण बरगड्यांमधून आरपार जातात आणि सांगाडा चालत राहतो.

७. कालपर्यंत माझे भालाईत ऑर्कांना झोडपत होते, आज तेच मार खातायत. काय बदललं?

रात्र झाली.

पटावर दिवसाचे सहा प्रहर आहेत: पहाट, सकाळ, दुपार, सांज आणि रात्रीचे दोन. ‘लॉफुल’ म्हणजे दिवसाची माणसं. ती सकाळी-दुपारी सव्वापट मारतात आणि रात्री पाऊणपट. ‘केऑटिक’ म्हणजे निशाचर, त्यांचं उलट. एल्फांसारख्या ‘न्यूट्रल’ मंडळींना काही फरक पडत नाही.

साधा ऑर्क ग्रंट घ्या: ९ चे दोन वार. रात्री ते ११ चे होतात, दिवसा ७ चे. तुमचा भालाईत ७ चे तीन वार करतो. दिवसा ९, रात्री ५. दोन्ही बाजू एकदमच सरकतात, त्यामुळे दरी दिसते त्याहून मोठी असते. वेस्नॉथमधलं अर्धं शहाणपण एवढंच आहे की सांज व्हायला लागली की मागे सरका, पहाट झाली की पुढे या. अंधारात हुशारी दाखवायला जाणाऱ्याची फौज सकाळपर्यंत उरत नाही.

(गुहेतल्या लढायांत हे घड्याळ चालत नाही. तिथे बहुतेक वेळा कायमची रात्रच धरलेली असते. ‘अंडर द बर्निंग सन्स’ या मोहिमेत आकाशात सूर्यच दोन, त्यामुळे तिथलं दिवसरात्रीचं गणित वेगळं.)

८. सरळ सांगा, हा नशिबाचा खेळ आहे ना?

नशीब आहे, भरपूर आहे, आणि ते लपवलेलं नाही. मैदानातल्या माणसावर साधा वार ६० टक्के लागतो. शंभर टक्के काहीही नाही. जादूगाराचा मंत्रसुद्धा कुठल्याही जमिनीवर ७० टक्केच. ज्याला हे सोसवत नाही त्याला मी दुसरा गेम सुचवतो, समजावत बसत नाही.

पण ‘नशिबाचाच’ यातला ‘च’ मला मान्य नाही. हिशेब करून दाखवतो.

गावात बसलेला एक ग्रंट आहे, ७ एचपी (अंगातला जीव) उरलेत, एक वार लागला की गेला. गावात बचाव ६०, म्हणजे भालाईताचा एकेक वार ४० टक्के. तीन वारांतला एक तरी लागण्याची शक्यता ७८ टक्के. पाचांतून एकदा हुकणार, आणि हुकला की लोक मेसेज करतात. दोन भालाईत लावले तर ९५. त्याऐवजी एक जादूगार लावला तर तो एकटाच ९७, वर ग्रंटकडे लांबून मारायचं हत्यार नसल्यानं उलटा मारही नाही. पट तोच, शत्रू तोच. कोणाला पाठवायचं हे तुम्ही ठरवलंत.

आता उलट बाजू. तो जादूगार वार करून मैदानात उभा राहिला आणि रात्र पडली. त्याच्याकडे २४ एचपी. ग्रंटचा रात्रीचा वार ११, म्हणजे मरायला तीन वार लागावे लागतात. त्याच्या फक्त दोन बाजू उघड्या असतील तर दोन ग्रंट मिळून चार वार करणार आणि तो मरण्याची शक्यता साधारण ४८ टक्के. तिसरी बाजू उघडी राहिली तर सहा वार, आणि शक्यता थेट ८२. एक घर मोकळं सोडल्याचा हा फरक. षटकोनी पटावर सरळ रांग धरली की प्रत्येकाच्या समोर दोनच बाजू उघड्या राहतात, म्हणून जुने खेळाडू रांगेसाठी जीव टाकतात. (ग्रंट ‘स्ट्राँग’ गुणाचा निघाला तर रात्रीचा वार १२ होतो आणि दोनच वारांत २४ पूर्ण. त्याच्यावर उजवं क्लिक करून गुण बघायची सवय लावा.)

फासे तुमच्या हातात नाहीत. वाईट दान पडलं तर आपलं किती जाईल, हे तुम्हीच आधल्या टर्नला ठरवलेलं असतं. मला हा गेम याच कारणासाठी आवडतो, आणि ज्यांना तो आवडत नाही त्यांनाही बहुधा हेच खटकतं.

९. तरीसुद्धा, गेम चीटिंग करतो असं वाटतं. चार वेळा सलग हुकलं!

४० टक्क्यांचे चार वार सलग हुकण्याची शक्यता १३ टक्के आहे. एका लढाईत शेकडो वार होतात, तेव्हा असं अनेकदा होणारच. मेनूत आकडेवारीची खिडकी आहे. तुमचा अपेक्षित मार किती होता आणि प्रत्यक्षात किती बसला हे तिथं दिसतं. भांडायला येण्याआधी ती उघडा.

संशय येण्याचं एक खरं कारण आहे, आणि ते दुसऱ्या गेमांनी लावलेली सवय. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतल्या बऱ्याच भागांत पडद्यावर ८० टक्के दिसतं तेव्हा आतून दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतली जाते, आणि वार प्रत्यक्षात ९२ टक्के लागतो. खेळणाऱ्याचं मन राखण्यासाठी केलेली ती गोड थाप आहे. वेस्नॉथ ७० दाखवतो आणि ७०च देतो. प्रामाणिक माणूस कधीकधी उद्धट वाटतो, तसं.

१०. वाईट दान पडलं की सेव्ह लोड करणं फसवणूक आहे का?

एकटे खेळताय, मोहीम तुमची, पोलीस येणार नाहीत. प्रत्येक टर्नला गेम आपोआप सेव्ह होतो, तेव्हा सोय गेमनंच करून ठेवली आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. एकेक वार लागेपर्यंत लोड करत राहिलात तर प्रश्न ८ मधली रांग धरायची विद्या तुम्ही कधीच शिकणार नाही, आणि दहाव्या लढाईत ती नसल्याचं कळेल. टर्नच्या सुरुवातीला परत जाऊन *वेगळी चाल* खेळा, हा अभ्यास झाला. तीच चाल पुन्हा खेळून वेगळ्या दानाची वाट बघणं म्हणजे लॉटरी. स्वतःवर भरवसा नसेल तर नव्या आवृत्त्यांत मोहीम सुरू करताना फाशांचा प्रकार निवडता येतो: एका प्रकारात लोड केलं तरी तेच दान पडतं, दुसऱ्यात नशिबाची टोकं बोथट केलेली असतात. दुसरा प्रकार नवख्यांनी लाज न बाळगता घ्यावा.

११. माझी माणसं शत्रूजवळ गेली की मध्येच अडकतात. बग आहे का?

बग नाही, तो ‘झोन ऑफ कंट्रोल’. शत्रूला लागून असलेल्या घरात पाऊल टाकलं की त्या टर्नची चाल तिथंच संपते. तुमच्या माणसांभोवतीही हेच कुंपण आहे. म्हणून सलग भिंत लागत नाही, दोन घरं सोडून माणसं उभी केली तरी शत्रू मधून सुसाट निघू शकत नाही.

अपवाद दोन. ‘स्कर्मिशर’ गुणाची माणसं हे कुंपण मानत नाहीत. आणि सगळ्यात खालच्या लेव्हल ० च्या युनिट्सना, म्हणजे शेतकरी, चालती प्रेतं, वटवाघळं यांना, कुंपणच नसतं. शेतकऱ्यांची रांग करून घोडेस्वार अडवायला निघालेल्या माझ्या मित्राला हे फार उशिरा कळलं.

१२. सोनं कुठे जातं? गावं तर भरपूर घेतली.

पगारात. प्रत्येक युनिटला दर टर्नला त्याच्या लेव्हलइतकं सोनं लागतं. सरदार आणि ‘लॉयल’ गुणाचे फुकट. प्रत्येक गाव एक लेव्हल पोसतं, शिवाय वर साधारण २ सोनं देतं (काही मोहिमांत १). घरबसल्या मिळणारे २ वेगळे.

सहा गावं, चार लेव्हल १ आणि दोन लेव्हल २ ची माणसं धरू. पगार ८, त्यातले ६ गावांनी पोसले, उरले २. मिळकत २ अधिक १२, वजा २: दर टर्नला १२. आता एक गाव गेलं तर २ चं उत्पन्न गेलं आणि एका लेव्हलचं पोसणंही गेलं, म्हणजे ३ चा खड्डा. शत्रूच्या बाजूला तेवढीच भर. एका घोडेस्वाराला मागच्या बाजूनं गावं चोरायला पाठवतात ते याच हिशेबानं.

१३. आठव्या (नवव्या, अकराव्या) लढाईत अडकलोय. सोनं नाही, माणसं नाहीत. काय करू?

बहुतेक वेळा खरं उत्तर असं की तुम्ही इथं हरला नाहीत, चौथ्या लढाईत हरलात. फक्त तेव्हा पडद्यावर ‘विजय’ लिहून आलं होतं.

नशिबावर सगळे ओरडतात, पण माझ्या मते या गेमची खरी खोट इथं आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. एका लढाईतून दुसरीत दोन गोष्टी जातात: जिवंत राहिलेली माणसं आणि सोन्याचा काही भाग, सहसा ४० टक्के. लवकर जिंकलात तर उरलेल्या प्रत्येक टर्नचं बक्षीस त्यात धरतात. समजा पटावर आठ गावं आहेत आणि सहा टर्न राखून जिंकलात. टर्नमागे १८, म्हणजे १०८. हातात ९२ होते. बेरीज २००, पुढे जाणार ८०. शेवटच्या टर्नपर्यंत रेंगाळला असतात तर हातातल्या सोन्याचेच ४० टक्के. पुढच्या लढाईला ठरलेलं किमान सोनं मिळतं खरं, पण बहुतेकदा शिल्लक त्यात मिसळत नाही. दोन्हींतलं जे जास्त तेच हाती येतं.

दुसरीकडे जुन्या, मुरलेल्या माणसाला परत बोलवायचे सहसा २० मोजावे लागतात, मग तो लेव्हल १ चा असो की ३ चा. म्हणजे चौथ्या लढाईत तुम्ही तीन लेव्हल २ गमावून जिंकलात, तर पुढच्या प्रत्येक लढाईत त्या तिघांच्या जागी कच्ची पोरं. तूट हळूहळू साचते आणि चार लढायांनंतर भिंत होऊन समोर उभी राहते. गेम यातलं काहीही आधी सांगत नाही. ‘तुमची फौज या टप्प्याला जरा कमी आहे’ एवढी एक ओळ दाखवली असती तरी कितीतरी लोक टिकले असते. वीस वर्षांत अनेक मोहिमा दुरुस्त झाल्या, नव्यानं लिहिल्या गेल्या, पण हा सांगाडा तोच राहिला.

आता करायचं काय? मागच्या लढायांच्या सुरुवातीचे सेव्ह ठेवलेले असतील तर दोन-तीन लढाया मागे जा. नसतील तर अवघडपणाची पातळी एक खाली आणून मोहीम नव्यानं सुरू करा. दुसऱ्यांदा निम्म्या वेळात इथवर याल. आणि प्रत्येक लढाईनंतर एकच प्रश्न विचारा: माझ्याकडे आता चांगले किती आहेत? सोन्यापेक्षा तो आकडा जास्त बोलतो.

१४. माझी माणसं लेव्हल घेतच नाहीत.

शेवटचा घाव कोण घालतो ते बघा. नुसतं लढल्यावर शत्रूच्या लेव्हलइतका एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) मिळतो, म्हणजे १ किंवा २. ठार मारल्यावर लेव्हलच्या आठपट: ८, १६, २४. लेव्हल ० ला मारल्यावर ४. पहिल्या लेव्हलच्या बऱ्याच माणसांना चाळिशीच्या आसपास एक्सपी लागतो, म्हणजे पाच जीव घेतले की बढती. मुरलेला सरदार सगळे बळी स्वतः घेतो तेव्हा आकडे छान दिसतात, पण फौज कच्ची राहते आणि पुन्हा प्रश्न १३.

एक खास गंमत. लेव्हल मिळाली की माणूस पूर्ण बरा होतो, शत्रूच्या टर्नमध्ये मिळाली तरीही. एक-दोन एक्सपी कमी असलेला जखमी गडी मुद्दाम पुढे ठेवा. शत्रू त्याच्यावर तुटून पडतो, तो पहिल्या हल्ल्यातून वाचला तर ताजातवाना होऊन दुसऱ्याला सामोरा जातो. पहिल्यातच मेला तर मला मेसेज करू नका.

१५. कॉम्प्युटर किती हुशार आहे?

हिशोबी आहे, हुशार नाही. एका टर्नमध्ये कोणाला मारता येईल हे तो छान बघतो. माघार, वाट बघणं, सकाळ झाली म्हणून दमानं घेणं हे त्याला फारसं जमत नाही. जखमी किंवा एकटा गडी दिसला की झेप घेतो, त्यामुळे आमिष दाखवून त्याला नदीत उतरवणं ही सगळ्यात जुनी युक्ती अजून चालते. मोहिमा अवघड वाटतात त्या त्याच्या डोक्यामुळे नाही, त्याला जास्त सोनं दिलेलं असतं म्हणून. पन्नासेक तासांनंतर हे दिसायला लागतं आणि थोडा रस उतरतो. मग माणसांशी खेळावं (प्रश्न १८).

१६. फायर एम्ब्लेम, फायनल फँटसी टॅक्टिक्स खेळलोय. इथं काय कमी वाटेल?

पुष्कळ. शस्त्रं-चिलखतं बदलणं नाही, पेशा बदलून कौशल्यं गोळा करणं नाही, दोस्ती-लग्नं नाहीत. बढतीच्या वेळी एखादा फाटा निवडायचा एवढंच तुमच्या हाती: जादूगाराला पांढरा करायचा (बरं करणारा) की लाल (आग फेकणारा), भालाइताला तलवार द्यायची की लांब भाला. चित्रं साधी, आणि जुन्या-नव्या हातांची सरमिसळ. संगीत मात्र कान देऊन ऐकण्यासारखं.

जास्त काय वाटेल? जमीन. त्या गेमांत माणूस घडवण्याला महत्त्व आहे, इथं तो *कुठे आणि कधी* उभा आहे याला. लेव्हल ३ चा एल्फ दलदलीत अडकला की दोन पोरसवदा ऑर्क त्याला गाडतात. हा समतोल मला इतर कुठं इतका नीट सापडलेला नाही.

१७. मोहिमांचा दर्जा इतका वरखाली का?

कारण त्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षी, फावल्या वेळात लिहिल्या. ‘डिसेंट इनटू डार्कनेस’मध्ये गावाला वाचवायला निघालेला पोरगा प्रेतविद्येकडे कसा घसरत जातो हे फार चांगलं उतरलं आहे, ‘सन ऑफ द ब्लॅक आय’मध्ये ऑर्कांच्या बाजूनं जग दिसतं. काही मोहिमांत मात्र ‘शत्रू आले, मारा, पुढे चला’ यापलीकडे काही नाही. गेममधूनच इतर खेळाडूंनी रचलेल्या मोहिमा उतरवता येतात. तिथं सोनंही आहे आणि कचराही, चाळायला वेळ द्यावा लागतो.

१८. मित्रांबरोबर खेळता येतो?

येतो. अधिकृत सर्व्हर फुकट आहे, दोघांकडे एकाच मालिकेची आवृत्ती हवी. एकच लॅपटॉप असेल तर आळीपाळीनंही खेळता येतं. आमच्याकडे दोन भाऊ सुट्टीत तसंच खेळतात आणि दुसऱ्याच्या टर्नला पाठ करून बसतात. नेहमीच्या सहा फौजा: लॉयलिस्ट, रेबेल, नॉर्दनर, अनडेड, नाल्गन, ड्रेक. नवख्यानं लॉयलिस्ट घ्यावेत, त्यांच्याकडे सगळं थोडंथोडं आहे. इथं बढतीला एक्सपी सहसा मोहिमेच्या ७० टक्केच लागतो, हे ध्यानात ठेवा. आणि माणसाशी हरल्यावर दानाला दोष देऊ नका. ते सर्व्हरवर सगळेच देतात, कंटाळा येतो.

१९. काही चिल्लर पण छळणारे प्रश्न एकत्र

*विष दिलेला शत्रू मरत का नाही?* विष दर टर्नला ८ एचपी खातं, पण १ वर थांबतं. मारायचं काम तुमचं. सांगाड्यांना आणि प्रेतांना विष चढतच नाही.

*गावात बसवला तरी एचपी का वाढला नाही?* विष होतं ना? त्या टर्नला गावानं विष उतरवलं, ८ एचपी पुढच्या टर्नपासून. शमनजवळ (जखमा भरणाऱ्या एल्फजवळ) ठेवलात तर विष तेवढ्यापुरतं थांबतं, उतरत नाही.

*भरती केली आणि मागे घेता येईना!* भरतीत गुण फाशांनी ठरतात, म्हणून परत घेता येत नाही. हल्ला आणि धुक्यात (पटाच्या न दिसणाऱ्या भागात) नवं काही दिसलेली चालही नाही.

*घोडेस्वार धडक मारतो आणि स्वतःच मरतो.* ‘चार्ज’मध्ये मार दोन्हीकडून दुप्पट. भाल्यासमोर घोडा घालणाऱ्याला गेम काय करणार?

*पुढे लेव्हलच नाही, एक्सपी वाया जातो का?* नाही. ठरावीक एक्सपी भरला की कमाल एचपी थोडा वाढतो आणि माणूस पूर्ण बरा होतो.

२०. कोणी खेळू नये?

ज्यांच्याकडे एका बैठकीला वीसच मिनिटं आहेत त्यांनी. एक लढाई सहज दीड-दोन तास खाते. ज्यांना गोष्ट ऐकायची आहे पण वाचायची नाही त्यांनी. आणि ज्यांना आपलं माणूस गेलेलं बघवत नाही त्यांनी, कारण इथं गेलेला परत येत नाही.

मी अकरा लढाया एका शमनला जपली. बढती मिळून ड्रुइड झाली, सगळी फौज तिच्या भोवती उभी करायचो. मग एका रात्री रांगेत एक घर मोकळं राहिलं, आणि लेव्हल ० च्या वटवाघळानं तिचा शेवटचा एचपी घेतला. त्या रात्री मी सेव्ह लोड केला का, हे प्रश्न १० मध्ये लिहिलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही.